मागितलं डेब, आलं स्नॅप

उबुंटू लिनक्सची 22.04 ही आवृत्ती एप्रिल 2022 मध्ये आली. ज्यांच्या बोटांना वर्षानुवर्षांची सवय होती त्यांनी टर्मिनल उघडून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' ही कमांड दिली. ॲप्टने नेहमीप्रमाणे पॅकेज शोधलं, उतरवलं आणि बसवलं. फायरफॉक्स सुरूही झाला. पण उतरलेलं पॅकेज शंभर किलोबाइटपेक्षाही लहान होतं, आणि एवढ्याशा जागेत अख्खा ब्राउझर मावणं शक्यच नव्हतं. त्या पॅकेजमध्ये फायरफॉक्स नव्हताच. त्यात एक छोटी स्क्रिप्ट होती. तिने उबुंटूची मालक कंपनी कॅनॉनिकल हिच्या स्नॅप स्टोअरशी संपर्क साधला आणि तिथून 'स्नॅप' या निराळ्याच प्रकारचं पॅकेज आणून बसवलं.

वरवर पाहता यात तक्रारीला जागा कुठे आहे? ब्राउझर मागितला, ब्राउझर मिळाला. तरीही जगभरच्या लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये या बदलावरून संताप उसळला आणि तो अजून पुरता निवलेला नाही. 'ही जुन्या लोकांची नव्याला नावं ठेवण्याची खोड' असं म्हणून तो अनेकदा झटकला जातो. माझ्या मते हा संताप रास्त आहे आणि त्याचं मूळ तंत्रात कमी, व्यवहारात जास्त आहे. ते कळण्यासाठी आधी पॅकेज या प्रकाराकडे नीट पाहावं लागेल.

पॅकेजमागची माणसं

विंडोजवर सॉफ्टवेअर हवं असेल तर आपण बहुधा त्या कंपनीच्या वेबसाइटवर जातो आणि इन्स्टॉलर उतरवून घेतो. लिनक्समध्ये फार पूर्वीपासून मधे एक मंडळ असतं, त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट या सगळ्या डिस्ट्रो आहेत. मूळ प्रोग्राम कुणीतरी लिहितो. डिस्ट्रोमधला पॅकेज सांभाळणारा माणूस त्याचा कोड घेतो, आपल्या प्रणालीत बसेल असा तयार करतो, तपासतो आणि सहीनिशी रिपॉझिटरीत, म्हणजे डिस्ट्रोच्या पॅकेजांच्या कोठारात, ठेवतो. वापरणारा तिथून उचलतो.

डेबियनची सुरुवात इयान मर्डॉक यांनी 1993 मध्ये केली. तिथलं पॅकेज म्हणजे डेब. ही साधी गुंडाळलेली फाइल असते. तिच्या एका भागात प्रोग्रामच्या फायली असतात आणि दुसऱ्या भागात माहिती: नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचं नाव आणि 'हे चालायला आणखी काय काय लागतं' याची यादी. बसवण्याच्या आधी आणि नंतर चालवायच्या छोट्या स्क्रिप्टही त्यातच असतात. रेड हॅटने 1995 मध्ये आरपीएम हा आपला प्रकार आणला. 1999 मध्ये डेबियन 2.1 बरोबर ॲप्ट आलं आणि एका कमांडने हवं ते पॅकेज, त्याला लागणारी बाकीची पॅकेजं आणि ती लागतील त्या क्रमाने, असं सगळं यायला लागलं. जून 2023 मधल्या डेबियन 12 मध्ये अशी चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजं होती आणि त्यातली बरीचशी स्वयंसेवक सांभाळतात.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे सामाईक लायब्ररी. चित्रं उलगडणं, मजकूर कूटबद्ध करणं, अक्षरं पडद्यावर उमटवणं अशी कामं शेकडो प्रोग्रामना लागतात. प्रत्येकाने आपापली प्रत बाळगण्याऐवजी संगणकावर एकच प्रत असते आणि सगळे तीच वापरतात. सोसायटीची पाण्याची टाकी एकच असावी तसं हे आहे. टाकीत घाण पडली तर सगळ्यांच्या नळाला घाण येते, पण एकदा टाकी धुतली की सगळी घरं एका दिवसात स्वच्छ होतात.

एप्रिल 2014 मध्ये हार्टब्लीड नावाचं छिद्र उघडकीला आलं तेव्हा याचा प्रत्यय आला. ओपनएसएसएल या लायब्ररीतल्या त्या चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, अगदी गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेरून वाचता येत होता. डिस्ट्रोंनी दुरुस्त लायब्ररीचं एक पॅकेज सोडलं. ते बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या की त्या लायब्ररीवर चालणारे वेब सर्व्हर, मेल सर्व्हर असे सगळेच प्रोग्राम एकदम दुरुस्त होत. उलट बाजू सप्टेंबर 2023 मध्ये दिसली. लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीत गंभीर चूक सापडली. क्रोम, फायरफॉक्स आणि क्रोमियमच्या पायावर बांधलेल्या असंख्य डेस्कटॉप ॲपनी ही लायब्ररी आपापल्या पोटात घेतलेली होती. त्यामुळे डिस्ट्रोने आपली प्रत दुरुस्त केली तरी काम संपत नव्हतं. अशा प्रत्येक ॲपला स्वतःची नवी आवृत्ती काढावी लागली.

जुन्या व्यवस्थेचं दुखणं

जुनी व्यवस्था निर्दोष होती असं मात्र कुणी म्हणू नये. एका प्रोग्रामला लायब्ररीची नवी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला जुनीच हवी, असा पेच पडला की दोघांना एका संगणकावर नांदवणं कठीण होतं. एखाद्या लेखकाने आज ॲपमध्ये सुधारणा केली तर ती डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचायला दोन वर्षंही लागू शकतात. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रोग्रामरसमोर तर प्रश्न असा असतो की डेबियनसाठी एक, फेडोरासाठी एक, उबुंटूच्या प्रत्येक चालू आवृत्तीसाठी एक अशी पॅकेजं करायची कुणी आणि कधी?

ब्राउझरच्या बाबतीत हा भार फारच वाढतो. क्रोमियम आणि फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबवून ठेवता येत नाहीत. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती पाच वर्षं सांभाळायची असते. पाच वर्षांपूर्वीच्या प्रणालीवर आजचा ब्राउझर तयार करायचा तर आधी नवे कंपायलर, नवी साधनं तिथे आणावी लागतात, आणि हे प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी वेगवेगळं करावं लागतं. एकच पॅकेज करून ते सगळीकडे चालवावं, असं कॅनॉनिकलच्या माणसांना वाटलं यात नवल नाही. फायरफॉक्सचं स्नॅप व्हावं ही तर तो बनवणाऱ्या मोझिलाचीही इच्छा होती, कारण त्यामुळे ब्राउझर थेट त्याच्या निर्मात्यांकडून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

तीन नवे प्रकार

या गरजेतून तीन प्रकार पुढे आले. ॲपइमेज सगळ्यांत साधं आहे: एक फाइल, ती चालवण्याची परवानगी द्यायची आणि डबल क्लिक करायचं. फ्लॅटपॅक हे अलेक्झांडर लार्सन यांच्या पुढाकाराने डेस्कटॉप ॲपसाठी घडलं आणि 2016 मध्ये त्याला हे नाव मिळालं. त्यात अनेक ॲपना लागणाऱ्या लायब्ररींचा एक सामाईक संच वेगळा ठेवलेला असतो. फ्लॅटपॅकचा स्टोअर कुणालाही उभारता येतो आणि फ्लॅटहब हा त्यातला सर्वांत मोठा. तिसरं कॅनॉनिकलचं स्नॅप. ते आधी छोट्या उपकरणांसाठीच्या उबुंटू कोअरमध्ये आलं आणि 2016 च्या उबुंटू 16.04 पासून डेस्कटॉपवर दाखल झालं.

स्नॅप म्हणजे दाबून बसवलेली एक मोठी फाइल. ॲप आणि त्याला लागणारं बरंचसं सामान तिच्यात असतं. ती उलगडून डिस्कवर पसरवली जात नाही, तर एखादी छोटी डिस्क जोडावी तशी प्रणालीला जोडली जाते. म्हणूनच स्नॅप वापरणाऱ्याने डिस्कची यादी पाहिली की लूप नावाच्या नोंदींची रांगच दिसते. ॲप सँडबॉक्समध्ये, म्हणजे आखून दिलेल्या कुंपणात चालतं. कॅमेरा, फायली, प्रिंटर यांपैकी कशाला हात लावायचा ते परवानगीवर ठरतं.

हे कुंपण मोलाचं आहे. ब्राउझर हा संगणकावरचा सर्वांत उघडा दरवाजा असतो. त्यातून कुणी घुसलंच तर त्याला घरभर फिरता येऊ नये, ही अपेक्षा योग्य आहे. जुन्या डेबमध्ये अशी सोय आपोआप मिळत नाही. डेब बसवताना त्यातली स्क्रिप्ट संगणकाच्या पूर्ण अधिकारांनिशी चालते. त्यामुळे नव्या प्रकारांमागचा विचार चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. चूक अंमलात आहे.

त्रास नेमका कशाचा

पहिला त्रास वेगाचा. 22.04 मधला स्नॅप फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताना, विशेषतः साध्या हार्ड डिस्कवर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर, इतका वेळ घेई की क्लिक झालं की नाही याचीच शंका यावी. कॅनॉनिकलने कारणं शोधली. त्यातलं एक मराठी वाचकांना जवळचं वाटेल. पूर्वी मराठी मेनू हवे असणारा 'फायरफॉक्स-लोकेल-एमआर' हे छोटं पॅकेज वेगळं बसवत असे. स्नॅपमध्ये मात्र जगातल्या सगळ्या उपलब्ध भाषांचे संच एकत्र भरलेले होते आणि पहिल्या वेळी फायरफॉक्स त्या सगळ्यांची प्रत करत बसे. पुढे फक्त प्रणालीच्या भाषेचा संच उचलण्याची दुरुस्ती झाली आणि वेग बराच सुधारला.

दुसरा त्रास कुंपणाचा. पासवर्ड सांभाळणाऱ्या कीपासएक्ससीसारख्या प्रोग्रामशी ब्राउझरचा असलेला संवाद सुरुवातीला तुटला. टेम्प फोल्डरमधली फाइल उघडायला गेलं तर ब्राउझर म्हणे, अशी फाइलच नाही, कारण त्याला स्वतःचं वेगळं टेम्प फोल्डर दिलेलं असतं. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांची होम फोल्डर मुख्य सर्व्हरवर, नेहमीच्या जागेबाहेर असतात. अशा ठिकाणी स्नॅप चालतच नसत आणि त्यावरचा उपाय यायला काही वर्षं लागली.

तिसरा त्रास अपडेटचा. स्नॅप दिवसातून चार वेळा नव्या आवृत्तीची चौकशी करतं आणि ती आपण होऊन बसवतं. अपडेट वेळच्या वेळी व्हावेत हे खरं, पण कुठला बदल कधी करायचा हे आपल्या हाती असणं लिनक्स वापरणाऱ्याला महत्त्वाचं वाटतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याची तर ती जबाबदारीच असते. सुरुवातीची काही वर्षं हे अपडेट फार तर साठ दिवस पुढे ढकलता येत. हवं तितकं थोपवून धरण्याची सोय 2022 च्या शेवटाकडे आली.

चौथा मुद्दा सर्वांत खोल आहे. ॲप्टमध्ये रिपॉझिटरी कुणाची वापरायची हे वापरणारा ठरवतो. एखाद्या महाविद्यालयाला स्वतःची रिपॉझिटरी साध्या वेब सर्व्हरवर ठेवता येते. स्नॅपचा स्टोअर एकच, कॅनॉनिकलचा. संगणकावर चालणारा स्नॅपचा भाग खुला आहे, पण स्टोअर चालवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर बंद आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात पॅकेज येण्याची एक वाट एका कंपनीच्या फाटकातूनच जाते. त्या फाटकावरचा पहारा नेहमी पुरेसा ठरला असंही नाही. मे 2018 मध्ये '2048बंटू' नावाच्या खेळाच्या स्नॅपमध्ये गुपचूप आभासी चलन खणणारा कोड सापडला. पुढे क्रिप्टो वॉलेटच्या नावाने बनावट ॲप आली आणि लोकांचे पैसे गेले. अखेर मार्च 2024 मध्ये नव्या नावांची नोंदणी माणसांकडून तपासायला सुरुवात झाली. जुन्या व्यवस्थेत मधला माणूस वेळ खातो अशी तक्रार होती. तो नसला की काय होतं, तेही यातून दिसलं.

कोलनच्या आधीचा 1

आता सुरुवातीच्या त्या छोट्या पॅकेजकडे जवळून पाहू, कारण संतापाची नेमकी जागा तिथे आहे. त्याचा आवृत्ती क्रमांक होता '1:1स्नॅप1-0उबुंटू2'. डेबियनच्या नियमानुसार आवृत्तीत कोलनच्या आधी एक आकडा लिहिता येतो. लिहिला नसेल तर तो शून्य धरतात. दोन आवृत्त्यांची तुलना करताना ॲप्ट आधी हाच आकडा पाहतं. तो ज्याचा मोठा ते पॅकेज नवं, मग कोलनच्या पुढे काहीही असो. एखाद्या प्रकल्पाने आवृत्त्या मोजण्याची पद्धतच बदलली तर घोळ होऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे.

इथे तिचा परिणाम असा झाला की दुसऱ्या रिपॉझिटरीत फायरफॉक्सची 99 वी आवृत्ती असो की 120 वी, हे पोकळ पॅकेज सगळ्यांहून 'नवं' ठरत होतं. कुणी हट्टाने स्नॅप काढून दुसऱ्या रिपॉझिटरीतून खरंखुरं डेब बसवलं, तर पुढच्या अपडेटला ॲप्ट पुन्हा ते पोकळ पॅकेज आणे आणि त्याच्यामागोमाग स्नॅप परत येई. हे टाळायला प्राधान्य ठरवणारी एक छोटी फाइल लिहावी लागते. ॲप्टमध्ये रिपॉझिटरीतल्या पॅकेजचं नेहमीचं प्राधान्य 500 असतं. हव्या त्या रिपॉझिटरीला 1000 दिलं की क्रमांक 'जुना' असला तरी ॲप्ट तिथलंच पॅकेज घेतं. तुमच्या संगणकावर काय चाललंय हे पाहायचं असेल तर 'ॲप्ट पॉलिसी फायरफॉक्स' ही कमांड द्यावी. कुठून कुठली आवृत्ती मिळते आणि कुणाला किती प्राधान्य आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं.

जाणकार माणूस ही फाइल लिहितो. पण जिच्यासाठी कुणीतरी उबुंटू बसवून दिलं आहे अशी शिक्षिका किंवा जुन्या लॅपटॉपला नवं आयुष्य देऊ पाहणारा विद्यार्थी हे कसं करणार? त्यांच्या दृष्टीने निर्णय आधीच झालेला आहे. ॲप्टला कमांड देणं म्हणजे एका ओळखीच्या व्यवस्थेकडे मागणी करणं होतं: डिस्ट्रोने तपासलेलं, डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतलं डेब मला दे. त्या मागणीला दुसरीच व्यवस्था उत्तर देणार असेल, तर आधी तसं विचारायला हवं होतं. 'फायरफॉक्स आता डेबमध्ये मिळत नाही. स्नॅप बसवू का?' एवढा एक प्रश्न आणि होय-नाही. तेवढंच केलं असतं तर निम्मा संताप उद्भवलाच नसता.

विरोधाने काय साधलं

2019 च्या उबुंटू 19.10 मध्ये क्रोमियमचं असंच झालं, तेव्हाच लिनक्स मिंटने हा धोका ओळखला होता. मिंट उबुंटूच्याच पायावर उभी आहे, त्यामुळे ते पोकळ पॅकेज तिच्याकडेही येणार होतं. मिंटचे प्रमुख क्लेमां लफेव्र यांनी जून 2020 मध्ये जाहीरपणे आक्षेप घेतला आणि मिंट 20 मध्ये एक प्राधान्य फाइल घातली. स्नॅप चालवणाऱ्या पॅकेजला तिथे प्राधान्य दिलं उणे 10, म्हणजे कुणाच्याही मागे लपून ते आत येऊ शकत नाही. हा निर्णयही वापरणाऱ्यांच्या वतीने घेतलेलाच होता. फरक असा की तो उघड होता, आणि ज्याला स्नॅप हवं त्याने कुठली फाइल काढायची हेही मिंटने स्वतःच सांगून ठेवलं. पुढे मिंटने क्रोमियमचं डेब स्वतः तयार करायला घेतलं. विरोधाची किंमत अशी श्रमाने चुकवावी लागते आणि ती मिंटने चुकवली.

मोझिलानेही वाट बदलली. जानेवारी 2024 मध्ये फायरफॉक्स 122 बरोबर तिने स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी सर्वांसाठी खुली केली. आता डेबियन आणि उबुंटू वापरणाऱ्यांना निर्मात्याकडूनच थेट डेब मिळतं. उबुंटूवर त्यासोबत तीच 1000 प्राधान्याची फाइल लिहावी लागते आणि मोझिलाच्या सूचनांत ती दिलेली आहे. म्हणजे निर्मात्याकडून थेट पुरवठा आणि जुनं पॅकेज, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे सिद्ध झालं. स्नॅपमधल्या सुधारणासुद्धा, म्हणजे वेग, पासवर्ड प्रोग्रामशी संवाद, थोपवता येणारे अपडेट, याच तक्रारींच्या रेट्यामुळे आल्या.

हा प्रश्न एकट्या कॅनॉनिकलचाही नाही. जून 2023 मध्ये रेड हॅटच्या डेस्कटॉप गटाने सांगितलं की आपल्या पुढच्या आवृत्त्यांसाठी लिबरऑफिसचं आरपीएम आपण सांभाळणार नाही, लोकांनी फ्लॅटपॅक वापरावं. फेडोरात स्वयंसेवक पुढे आले म्हणून तिथे ते पॅकेज टिकलं. फेब्रुवारी 2025 मध्ये ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ प्रोग्रामच्या निर्मात्यांचा फेडोराशी वाद झाला. फेडोराने स्वतः केलेलं ओबीएसचं फ्लॅटपॅक नीट चालत नव्हतं, लोकांना ते मूळ निर्मात्यांचंच वाटत होतं आणि तक्रारी निर्मात्यांकडे जात होत्या. वाद चर्चेतून मिटला. प्रकार स्नॅप असो वा फ्लॅटपॅक, हे पॅकेज कुणी केलं आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे वापरणाऱ्याला कळलं नाही की गाडी अडते.

बदल कसा व्हावा

पॅकेजचे प्रकार बदलत राहणार. तीस वर्षांपूर्वीची रचना आजच्या सगळ्या गरजा भागवेल अशी अपेक्षा धरणं चूक आहे, आणि पॅकेज सांभाळणाऱ्यांनी फुकट राबत राहावं ही अपेक्षा त्याहून चूक आहे. कॅनॉनिकलला डेबचा भार पेलवत नव्हता तर तसं सांगून ते पॅकेज काढून टाकण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. जुन्या नावाखाली नवीच वस्तू देण्याचा मात्र नव्हता.

म्हणून डिस्ट्रो चालवणाऱ्यांकडे मागणी करावी ती तीन गोष्टींची. वेगळी व्यवस्था वापरणार असाल तर बसवण्याआधी विचारा. परतीचा रस्ता ठेवा आणि तो लिहून द्या, म्हणजे कुणी मागे वळला तर पुढच्या अपडेटला त्याला पुन्हा ओढून नेऊ नका. आणि पुरवठ्याचं फाटक एकाच्याच हाती राहील अशी रचना करू नका. मिंटने आणि मोझिलाने यातल्या बऱ्याच गोष्टी करून दाखवल्या आहेत, तेव्हा त्या अशक्य आहेत असं कुणी म्हणू शकत नाही.

आपण वापरणाऱ्यांनीही एक करायला हवं. कमांड दिल्यावर पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी वाचायची सवय लावून घ्यावी. पॅकेज किती मोठं आहे, कुठून येतंय, आणखी काय बसवलं जातंय, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. 2022 मध्ये ते शंभर किलोबाइटपेक्षा लहान पॅकेज ज्यांच्या नजरेत भरलं, त्यांनीच सर्वांत आधी प्रश्न विचारले. आज उबुंटूवर फायरफॉक्स पूर्वीपेक्षा लवकर उघडतो आणि ज्याला डेब हवं त्याला ते निर्मात्याकडून मिळतं, यात त्या प्रश्नांचा वाटा मोठा आहे.